लिटरला 80 मिली ऑइल? ब्रश कटरच्या मेसेजला एका मेकॅनिकचं उत्तर

गणपती गेले की आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात कलमांच्या बागांची बेणणी, म्हणजे गवत-झाडोऱ्याची साफसफाई, सुरू होते आणि माझ्या दुकानासमोर ब्रश कटरची, म्हणजे गवत कापायच्या इंजिनवाल्या मशीनची, रांग लागते. यंदा त्या रांगेतल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलवर एकच मेसेज होता. तो थोडक्यात असा:

"कंपनीवाले लिटरभर पेट्रोलला 20 मिली ऑइल सांगतात ते मशीन लवकर जावं म्हणून. 80 मिली टाका, इंजिन आयुष्यात जाम होणार नाही. ऑइल कुठलंही चालतं. मशीन गरम होऊन बंद पडत असेल तर एअर फिल्टर आणि गार्ड काढून चालवा. सुरूच होत नसेल तर कार्ब्युरेटर गेला, नवीन टाका. काम संपलं की टाकी फुल्ल भरून ठेवा, गंज धरत नाही."

ज्याने लिहिलं त्याचा हेतू चांगलाच असेल. पण हे ऐकून चालवलेली मशीनं मी उघडली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, 80 मिलीचा. टू-स्ट्रोक इंजिनात खाली ऑइलचा साठा नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच क्रँकची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनला मिळतं. त्यामुळे ऑइल कमी पडलं तर इंजिन जातं, एवढं मेसेजमधलं खरं आहे. पण म्हणून चौपट घातलं की चौपट टिकेल, असं होत नाही. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्ब्युरेटरचं भोक तेवढंच असतं. त्यातून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं. लिटरला 20 मिली असताना मिश्रणात पेट्रोल 98 टक्के असतं, 80 मिलीला ते 92-93 टक्क्यांवर येतं. वर मिश्रण घट्ट झाल्यामुळे ते भोकातून जातंही सावकाश. पेट्रोल कमी आणि हवा तेवढीच, याला आम्ही 'लीन चालणं' म्हणतो. लीन चाललेलं इंजिन जास्त तापतं. म्हणजे ज्या जाम होण्याला घाबरून ऑइल वाढवलं, त्याच दिशेने मशीन ढकललं जातं.

आणि जादा ऑइल जळत नाही, ते कार्बन होऊन बसतं. प्लगवर, पिस्टनच्या माथ्यावर, सायलेन्सरच्या जाळीवर आणि सिलिंडरच्या धूर जायच्या खिडकीवर. मागच्या महिन्यात आलेल्या एका मशीनची ती खिडकी निम्मी बुजली होती. मालक म्हणाले, "रेस देतो पण ताकदच नाही, पिस्टन गेला बहुतेक." पिस्टन शाबूत होता. सायलेन्सर काढला, पिस्टन वर नेला, लाकडाच्या चपट्या काडीने कार्बन खरवडला, जाळी साफ केली. मशीन त्याच दुपारी बागेत गेलं. (लोखंडी पान्याने खरवडू नका, पिस्टनवर ओरखडा उठतो.)

मग प्रमाण किती? तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत असेल तेवढं. 50:1 लिहिलंय तर लिटरला 20 मिली, 40:1 तर 25, 25:1 तर 40. सगळ्यांना एकच आकडा सांगणारा मेसेज तिथेच चुकतो. मापाला बाटलीचं झाकण नको, औषधाचं मापी भांडं घ्या.

त्याआधीही एक गोष्ट बघा, कारण मेसेजमध्ये तिचं नावही नाही. तुमचं मशीन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक? ऑइलचं वेगळं झाकण आणि त्याला काडी असेल तर ते फोर-स्ट्रोक. होंडाचं जीएक्स 35 घ्या: 35.8 सीसीचं इंजिन, आत साधारण 100 मिली ऑइल. त्याच्या टाकीत साधं पेट्रोलच जातं, ऑइल मिसळायचंच नाही. एकाच घरात दोन्ही प्रकारची मशीनं आणि पेट्रोलचा एकच कॅन असेल तर गड्याची चूक ठरलेलीच. टू-स्ट्रोकला चुकून साधं पेट्रोल गेलं तर एका टाकीतही पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. दोन कॅन ठेवा, एकावर लाल रंगाचा पट्टा मारा. माझ्या गिऱ्हाइकांत यापेक्षा जास्त इंजिनं कशानेच वाचलेली नाहीत.

'ऑइल कुठलंही चालतं' हा दुसरा मुद्दा. गाडीच्या इंजिन ऑइलमधली रसायनं जळायला बनवलेलीच नसतात, ती जळली की राख उरते आणि प्लग काळा पडतो. आमच्या किनाऱ्यावर आणखी एक घोळ आहे. होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टीसी-डब्ल्यू 3 ऑइल टू-स्ट्रोकचंच म्हणून खुशाल ब्रश कटरला घातलं जातं. पण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. ब्रश कटर हवेवर थंड होतो, त्याचा सिलिंडर फार जास्त तापतो. बाटलीवर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी छापलेलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल घ्या, ते या तापासाठी असतं.

आता गरम होऊन बंद पडणं. याच्यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण मेसेजमधला सगळ्यात घातकी सल्ला इथे आहे. एअर फिल्टर काढला की हवा वाढते, म्हणजे पुन्हा लीन. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये आत जाणारी हवा आधी क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतून, फिरते आणि मग वर जाते. आपल्या जांभ्याची लाल धूळ बेअरिंग, रिंग, पिस्टन सगळ्यांना घासत जाते. असा पिस्टन काढला तर कार्ब्युरेटरच्या बाजूने राखाडी, निस्तेज झालेला दिसतो. लीन चालून पकडलेल्या पिस्टनवर रेघा सायलेन्सरच्या बाजूला असतात. पिस्टन हातात घेतला की गुन्हा कुठल्या बाजूने झाला ते कळतं.

मशीन दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडतंय? तर त्याच क्षणी टाकीचं झाकण सैल करा. 'सुस्स' आवाज येऊन हवा आत गेली आणि मशीन पुन्हा लागलं, तर झाकणातला हवेचा बारीक मार्ग बुजलाय. टाकीत हवा जात नाही, म्हणून पेट्रोल येत नाही. झाकण धुतलं की काम झालं. तसं नसेल तर गरम असतानाच प्लगला करंट येतो का ते बघा. काही कॉइली थंड असताना करंट देतात आणि तापल्या की सोडतात, दुकानात आणेपर्यंत थंड झाल्यावर त्यांच्यात दोष सापडत नाही. करंटही ठीक असेल तर वरचं प्लास्टिकचं कव्हर काढा. सिलिंडरच्या पंखांत, म्हणजे बाहेरच्या पातळ पट्ट्यांत, ओलं गवत भरून वाळून बसलेलं असतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ती गोधडी पांघरल्यासारखी होते.

आणि रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नसेल, मशीन आपोआप किंचाळत असेल, तर बंद करा. कुठूनतरी जादा हवा आत शिरतेय. क्रँकचं सील नाही तर कार्ब्युरेटरमागचं पॅकिंग गेलेलं असतं. अशा अवस्थेत 'एवढा बांध संपवू' म्हणून चालवलेली मशीनं मी जाम झालेलीच बघितली आहेत.

गार्डबद्दल थोडक्यात. नायलॉन दोरीने गवत कापणाऱ्या मशीनच्या गार्डमध्ये जादा दोरी तोडणारं छोटं पातं असतं. गार्ड काढला की दोरी लांबते, इंजिनावर भार येतो, क्लच घसरून तापतो. आणि कातळावरचा दगड उडून डोळ्यात गेला तर तो डोळा परत मिळत नाही.

'सुरू होत नाही म्हणजे कार्ब्युरेटर गेला' हे तर दुकानदाराच्या सोयीचं निदान आहे, आणि मी दुकानदार असून सांगतो. आधी प्लग काढा. कोरडा आहे की ओला? ओला असेल तर चोक लावून स्टार्टरची दोरी ओढत राहिल्यामुळे पेट्रोल भरलंय. पहिला 'फट्' आवाज आला की चोक काढायचा असतो. प्लग पुसा, तो बाहेर ठेवूनच चार-पाच वेळा दोरी ओढा, मग बसवा. कोरडा असेल तर प्लगच्या भोकात मिक्स पेट्रोलचे चार-पाच थेंब सोडून दोरी ओढा. क्षणभर लागून बंद पडलं तर करंट आणि दाब ठीक आहे, पेट्रोल पोहोचत नाहीये. मग टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर, नळीला गेलेली चीर, पेट्रोल खेचायचा रबरी फुगा हे बघा. यातून सुटलं नाही तरच कार्ब्युरेटर. तिथेही बहुतेक वेळा आतला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, कडक झालेला असतो. मशीन कसंही तिरकं धरलं तरी पेट्रोल पुरवणं हे त्याचं काम. त्याचं किट नव्या कार्ब्युरेटरच्या मानाने फार स्वस्तात येतं.

दाबाचा अंदाज घ्यायचा तर मशीन बंद ठेवून दोरीच्या मुठीला धरून उचला. अडखळत, थांबत खाली आलं तर दाब आहे. सरळ खाली आलं तर मात्र पिस्टन-रिंग बघायला लागेल.

शेवटचा मुद्दा टाकी भरून ठेवण्याचा. हे मोटारसायकलच्या पत्र्याच्या टाकीचं शहाणपण आहे. ब्रश कटरची टाकी प्लास्टिकची, तिला गंज कुठला धरणार? उलट आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आपल्या दमट हवेत टाकी महिनोन् महिने पडून राहिली की पुरेशी ओल साठून पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसू शकतं. त्या थरात ऑइल मिसळत नाही आणि पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाला असते. पुढच्या हंगामात पहिली दोरी ओढली की इंजिनाला आधी तेच मिळणार. अनेक मशीनांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा 10 टक्केच दिलेली असते, तेव्हा ते पान एकदा वाचा. लागेल तेवढंच पेट्रोल आणा आणि मिक्स केलेलं महिनाभरात संपवा.

काजूच्या बागा साफ झाल्या की टाकी रिकामी करा. मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. थंड झालं की प्लग काढून आत चमचाभर टू-टी ऑइल सोडा, दोन-तीन वेळा सावकाश दोरी ओढा, प्लग लावा, फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवून बसवा. मशीन जमिनीवर न ठेवता पडवीत खुंटीला टांगा.