खुलासा : नागली-वरई नाशिकची नाही, हे खोटं

सध्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘नाशिकची पारंपरिक शेती म्हणजे द्राक्ष. नागली-वरई 2023 च्या मिलेट वर्षात सरकारने बाहेरून आणली.’ हे साफ चुकीचं आहे. (नागली म्हणजे नाचणी.)

2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून जाहीर केलेलं भरडधान्य वर्ष, एवढंच. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ही धान्यं पिकवतात. द्राक्षाचा व्यापारी पसारा विसाव्या शतकातला. तो नाशिकचा अभिमान आहेच, पण नागलीआधीचा नाही.

या धान्यांसाठी उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून राब, म्हणजे रोपांसाठीची जागा, भाजायचा, त्या राखेत पावसाच्या तोंडावर बी टाकायचं. रोपं पुरेशी वाढली की लावणी. ती एकट्या घराला उरकत नाही, म्हणून सावड : आज तुमच्या वावरात, उद्या आमच्या. पैसा फिरत नाही, माणसं फिरतात. ज्या घरात कुणी आजारी असतं, त्याची लावणीही अशीच निभते. मेसेज लिहिणाऱ्याने हेच पुसून टाकलंय, आणि मला ते फार लागलं.

धान्याला इथे कणसरी म्हणतात, देवी मानतात. एकादशीला आपण खातो ती भगर म्हणजे हीच वरई. ‘गरिबाचं खाणं’ म्हणून हिणवलेल्या नागलीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळापेक्षा कितीतरी पट जास्त.

मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.