दोनशे कूपनं, एकच नंबर: सीमधल्या युनिक आयडीबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मंगळवारी रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मेससाठी जेवणाची कूपनं छापणारा प्रोग्रॅम तिने सीमध्ये लिहिलाय. "मावशी, दोनशे कूपनं काढली आणि सगळ्यांवर एकच नंबर आलाय. प्रिंटरचं काही असेल का?"

प्रिंटर ठीक होता. तिने नंबर बनवायचं फंक्शन वर्गाच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजमधून जसंच्या तसं उचललं होतं. तो मेसेज मी आधीही पाहिला होता. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एका अनुभवी माणसाने तो 'उपयुक्त' म्हणून टाकला होता आणि मी दुर्लक्ष केलं होतं. आता तो घरात आलाय, म्हणून लिहितेय.

मेसेजमध्ये सहा दावे आहेत. एक, यूयूआयडीला (म्हणजे पुन्हा कुठेही येऊ नये अशा ठरावीक रूपाच्या आयडीला) लायब्ररी लागत नाही, एसरँडला (रँडची सुरुवात ठरवणाऱ्या फंक्शनला) टाइम द्या आणि रँडने (यादृच्छिक आकडे देणाऱ्या फंक्शनने) बत्तीस हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ) छापा, टक्कर, म्हणजे तोच आयडी दोनदा येणं, गणितानेच अशक्य आहे. दोन, यूयूआयडीचा अंदाज कुणाला करता येत नाही, म्हणून ज्याच्याकडे आयडी तोच मालक, वेगळी तपासणी नको. तीन, आयडी ठेवायला ३६ कॅरेक्टरचा अॅरे पुरतो. चार, दोन आयडी एसटीआरसीएमपीने (दोन मजकूर ताडणाऱ्या फंक्शनने) ताडून बघा. पाच, व्हर्जन १ (यूयूआयडी बनवायच्या क्रमांक दिलेल्या पद्धतींपैकी एक) सगळ्यात पक्कं, कारण त्यात मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) असतो. सहा, १, २, ३ असे चढते नंबर आता कालबाह्य झालेत, कारण पुढचा नंबर कुणालाही ओळखता येतो.

पहिल्या दाव्यावर जास्त बोलणार आहे, कारण नुकसान तिथेच आहे.

मेसेजमधल्या फंक्शनची पहिलीच ओळ एसरँड(टाइम(नल)) अशी आहे. म्हणजे प्रत्येक आयडी बनवताना रँडचा जनरेटर आत्ताच्या वेळेला 'बीज', म्हणजे सुरुवातीची संख्या, मानून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आणि टाइम सेकंदाला एकदाच बदलतो. एका सेकंदात लूप दोनशे वेळा फिरलं तर दोनशे वेळा तेच बीज, दोनशे वेळा तेच बत्तीस अंक. भाचीला दिसलं ते हेच. तिने ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, "लूपमध्ये स्लीप(१), म्हणजे एक सेकंद थांब, टाक." तिने टाकलं, आणि दोनशे कूपनांना तीन मिनिटं वीस सेकंद लागायला लागली. नंबर वेगळे आले म्हणून सगळ्यांना वाटलं, सुटला प्रश्न.

सुटलेला नाही. एसरँड मेनमध्ये एकदाच लिहिलं, स्लीप काढला, तरीही सुटत नाही. मेसला दोन काउंटर आहेत आणि दोन्हीकडे एकेक रास्पबेरी पाय (छोटा, एका बोर्डावरचा कॉम्प्युटर) बसवायचाय. पायच्या पाचव्या आवृत्तीच्या आधीच्या बोर्डांवर वेळ धरून ठेवणारं घड्याळ नसतं. वीज आली की बोर्ड आधी साठवून ठेवलेल्या वेळेपासून मोजायला लागतो आणि नेटवर्क मिळाल्यावर वेळ दुरुस्त करतो. दोन्ही पायमध्ये एकाच एसडी कार्डाची प्रत घातली आणि दोन्ही एकाच बटणावर चालू केले, तर दोघांची 'आत्ताची वेळ' एकच असू शकते. मग बीज एक, आणि पहिल्या कूपनापासून शेवटच्यापर्यंत सगळी यादी एक. एखाद-दुसरा नंबर नाही, पूर्ण यादी.

बोर्ड नसले तरी हेच होतं. दोन टर्मिनल उघडा, प्रोग्रॅम एकाच सेकंदात दोनदा चालवा आणि आउटपुट शेजारी शेजारी ठेवा. किंवा एकाच प्रोग्रॅममध्ये एसरँडनंतर फोर्क करा, म्हणजे चालू प्रोग्रॅमची प्रत काढा: बापाच्या (मूळ प्रोग्रॅमच्या) जनरेटरची स्थिती पोराकडे जशीच्या तशी जाते आणि दोघं तेच आकडे मोजतात. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही तो केलेला दिसत नाही, आणि मला राग त्याचाच आहे.

इथे 'गणिताने टक्कर अशक्य' या वाक्याकडे यायला हवं, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. व्हर्जन ४ च्या यूयूआयडीत १२८ पैकी १२२ बिट (बिट म्हणजे ० किंवा १) यादृच्छिक असतात. ते खरोखर यादृच्छिक असतील, तर एखादी तरी टक्कर होण्याची शक्यता निम्म्यावर यायला २७१ वर सोळा शून्यं इतके आयडी बनवावे लागतात. सेकंदाला शंभर कोटी बनवले तरी सुमारे ८६ वर्षं. तेव्हा हो, व्यवहारात टक्कर विसरून जा.

पण हा हिशेब १२२ बिटांचा आहे, बत्तीस अंकांच्या लांबीचा नाही. एसरँडला मिळणारं बीज अनसाइन्ड इंट (ऋण नसलेला पूर्णांक) असतं, आपल्या नेहमीच्या मशीनवर ३२ बिटांचं. बीज ठरलं की पुढचं सगळं ठरलं. पत्त्यांचे काही ठरावीक कॅट आधीच पिसून कपाटात लावून ठेवलेत आणि तुम्ही त्यातला एक उचलता, असं समजा. कॅटमधून बत्तीस पानं वाटा नाहीतर बत्तीसशे, कपाटात कॅट किती आहेत ते बदलत नाही. वर्गात तेवीस जण असले की दोघांचा वाढदिवस एका दिवशी असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते, तोच हिशेब इथे लावा. ३२ बिटांच्या बीजाला सुमारे ७७,००० उचलण्यांत निम्मी शक्यता. आणि इथे बीज म्हणजे घड्याळ. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्याच दिवशी वेगवेगळ्या वेळी साडेतीनशेच्या आसपास मशीनं चालू झाली की दोन मशीनं एकाच सेकंदाला उठलेली असण्याची शक्यता अर्धी झाली. कुठे ८६ वर्षं आणि कुठे साडेतीनशे मशीनं!

शिवाय रँडची स्वतःची लायकी. आरएएनडी मॅक्स, म्हणजे रँड देऊ शकेल तो सगळ्यात मोठा आकडा, किमान ३२,७६७ असावा, एवढंच सीचं मानक मागतं. निघणाऱ्या आकड्यांच्या दर्जाची कसलीही हमी नाही, हे सी ११ च्या (सीच्या २०११ च्या आवृत्तीच्या) मानकात तळटीप देऊन लिहिलंय. काही जनरेटरांचे खालचे बिट तर चिंता वाटावी इतके नियमित असतात, असंही तीच टीप सांगते. मेसेजमधलं फंक्शन काय करतं? रँडला सोळाने भागून बाकी घेतं. म्हणजे नेमके खालचे चार बिट. काही जुन्या जनरेटरांत ते दर सोळा कॉलनंतर त्याच क्रमाने परत येतात.

आणि जे छापलं जातं तो यूयूआयडीही नसतो. व्हर्जनचा ४ कुठे आहे? व्हेरिअंटचे, म्हणजे आयडीची मांडणी सांगणारे, दोन बिट कुठे आहेत? नुसते बत्तीस हेक्स अंक आणि मधे आडव्या रेघा.

'लायब्ररी लागत नाही' हे मात्र खरं आहे. नाइलाजाने का होईना, म्हणावं लागेल. लिनक्सवर गेटरँडमने सोळा बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) घ्या. हा सिस्टिम कॉल कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ३.१७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे, आणि जीलिबसीच्या (लिनक्सवरच्या सीच्या नेहमीच्या लायब्ररीच्या) २.२५ आवृत्तीपासून तो सरळ फंक्शन म्हणून बोलावता येतो. परत आलेली संख्या सोळाच आहे ना, ते तपासा. मग सातव्या बाइटचे वरचे चार बिट ०१०० करा आणि नवव्या बाइटचे वरचे दोन १० करा. झालं. बीज नाही, टाइम नाही, स्लीप नाही. फोर्क केलं तरी बिघडत नाही, कारण आकडे कर्नलकडून येतात. एवढंही लिहायचं नसेल तर लिबयूयूआयडी आहे: थिओडोर त्सो यांनी लिहिलेली, आज यूटिल-लिनक्ससोबत मिळणारी. यूयूआयडी जनरेट बोलवायचं आणि जोडणी करताना लायब्ररीचं नाव द्यायचं. विंडोजवर यूयूआयडी क्रिएट आहे. चार ओळींचं काम सोडून लोक बारा ओळींचं चुकीचं फंक्शन का फिरवतात, मला समजत नाही.

दुसरा दावा पहिल्याइतकाच घातक आहे आणि त्याला मी एकच दस्तऐवज पुढे करते. यूयूआयडी म्हणजे काय हे ज्यात ठरतं तो आरएफसी (इंटरनेटची मानकं ठरवणारा दस्तऐवज) ९५६२, मे २०२४ चा. २००५ च्या आरएफसी ४१२२ ची जागा त्याने घेतली. सुरक्षेच्या भागात तो सांगतो की यूयूआयडीचा अंदाज करणं कठीण आहे असं गृहीत धरू नये, आणि जो नुसता जवळ असला की प्रवेश मिळतो असा परवाना म्हणून तर तो वापरूच नये. या दुसऱ्या वाक्यात 'मस्ट नॉट' आहे. आरएफसीच्या भाषेत याहून कडक शब्द नाही. जुन्या ४१२२ मध्येही हा इशारा होताच. वीस वर्षं तो लिहिलेला आहे.

भाचीच्या कूपनावर क्यूआर कोड आहे आणि त्यात फक्त आयडी. काउंटरवरचा स्कॅनर आयडीचं रूप बरोबर आहे एवढं बघतो आणि ताट देतो. आता पहिला आणि दुसरा दावा एकत्र करा. कूपनं सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान छापली जातात हे मेसमधल्या सगळ्यांना माहीत असतं. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद, म्हणजे १०,८०० बीजं. स्वतःचं एक खरं कूपन समोर ठेवायचं, एकेक बीज घालून ते कुठल्या यादीत बसतं ते बघायचं. लॅपटॉपला एक सेकंदही लागणार नाही. बीज सापडलं की बाकी सगळ्यांची कूपनं तुमच्या हातात. दुसऱ्या वर्षाचा कुठलाही विद्यार्थी हे करू शकतो.

हे पुस्तकी आहे असं वाटत असेल तर नेटस्केप आठवा. १९९५ मध्ये बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोघांनी त्या ब्राउझरचं एनक्रिप्शन फोडलं. किल्ली लांब होती, पण तिचं बीज वेळ आणि प्रोसेस क्रमांक यांवरून बनत होतं. त्यांनी किल्ली शोधत बसण्याऐवजी बीज शोधलं. तीस वर्षांनी तीच चूक आपण मुलांना शिकवतोय.

बाकीचे चार पटापट.

३६ चा अॅरे: मजकूर ३६ कॅरेक्टरचा असतो हे बरोबर, पण सीमधल्या स्ट्रिंगला शेवटी शून्य लागतं. आयडीचा मजकूर बनवणारं लिबयूयूआयडीतलं फंक्शन अनपार्स ३७ बाइट लिहितं. भाचीच्या स्ट्रक्चरमध्ये आयडीच्या लगेच पुढे ताटांची संख्या ठेवणारा एक बाइट होता. अनपार्स केलं की संख्या शून्य. कंपायलर गप्प, प्रोग्रॅम चालू. ३७ लिहा.

एसटीआरसीएमपी: मजकुरावर चालेल, दोन्हीकडे अक्षरं एकाच प्रकारची, म्हणजे सगळी लहान किंवा सगळी मोठी असतील तर. विंडोजकडून आलेला आयडी पुष्कळदा मोठ्या अक्षरांत असतो. पण कच्च्या सोळा बाइटांवर ते वापरू नका. मधे शून्य बाइट आला की तुलना तिथेच थांबते, आणि नाही आला तर सोळाच्या पुढची मेमरी वाचत सुटते. तिथे मेमसीएमपी (सांगितले तेवढे बाइट ताडणारं फंक्शन) वापरा आणि आकार म्हणून १६ लिहा. साइझऑफ (आकार काढणारा सीचा शब्द) लिहू नका. लिबयूयूआयडीतला यूयूआयडी टी हा अॅरे आहे, फंक्शनला दिला की त्याचा पॉइंटर (नुसता मेमरीतला पत्ता) होतो, आणि ६४ बिटांच्या मशीनवर साइझऑफ ८ सांगतो. मग अर्धाच आयडी ताडला जातो. व्हर्जन ७ मध्ये पहिल्या अर्ध्यात ४८ बिट वेळ आणि फक्त १२ बिट यादृच्छिक असतात. एकाच मिलिसेकंदातले दोन वेगळे आयडी ४०९६ मध्ये एकदा 'सारखे' ठरतील. असला बग शोधायला मी एकदा आठवडा घालवलाय.

व्हर्जन १: मॅक पत्ता आत असतो, हाच त्याचा दोष आहे. फाइल कुठल्या मशीनवर बनली ते बाहेर जातं. १९९९ मध्ये मेलिसा व्हायरसच्या कर्त्याचा माग काढताना वर्ड फाइलीतला असाच आयडी उपयोगी पडला. तो गुन्हेगार होता, पण तुमचा पेशंट किंवा ग्राहक नसतो. शक्य असेल तिथे व्हर्जन १ ऐवजी ७ वापरा, असं ९५६२ स्वतःच म्हणतो.

चढते नंबर: एकच प्रोग्रॅम, एकच मशीन, नंबर बाहेरच्या कुणाला दिसत नाही, असं असेल तर एक काउंटर ठेवा. थ्रेड (एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅमचे भाग) असतील तर सी ११ मधलं अॅटॉमिक वापरा, म्हणजे दोघांना एकच नंबर मिळत नाही. त्यात जुनं काही नाही. १०४ नंतर १०५ येणार हे कुणालाही कळतं, एवढा मेसेजचा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणून त्यांनी जे दिलंय ते १०५ इतकंच कळण्याजोगं आहे.

भाचीने बुधवारी रात्री फंक्शन बदललं. दोन्ही पाय एकाच बटणावर चालू करून प्रत्येकी एक लाख आयडी काढले, दोन्ही फाइली एकत्र सॉर्ट केल्या आणि पुन्हा आलेल्या ओळी मागितल्या. एकही आली नाही. आधीच्या फंक्शनने हेच करून बघ म्हटलं, तेव्हा स्क्रीन भरून वाहिला. आता प्रत्येक कूपन कुणाच्या नावाचं आहे आणि वापरलं गेलंय का, हे काउंटरवर तपासायचं राहिलंय. दोन काउंटर एकाच कूपनाला एकाच क्षणी 'वापरलेलं नाही' म्हणणार नाहीत, याची व्यवस्था कशी करायची, हे विचारायला ती शनिवारी घरी येतेय.