‘नागिन’ची बीन आणि मूगच्या आधीचे कीबोर्ड

जुन्या गाण्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड रॉबर्ट मूग या अमेरिकन माणसाने 1964 मध्ये शोधला. त्याआधी विजेवर वाजणारा कीबोर्ड कुठेच नव्हता, म्हणजे 1954 च्या ‘नागिन’ या हिंदी चित्रपटातली बीन अस्सल पुंगीच असणार. आणि मूगनंतर वादकाचं काम संपलं, बटण दाबलं की झालं. मजकूर लिहिणाऱ्याच्या मनात जुन्या वादकांबद्दल प्रेम आहे हे दिसतं. पण नेमका त्यांच्यावरच त्यात अन्याय झाला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिलं विधान, 1964 पूर्वी काहीच नव्हतं हे. थॅडियस केहिल या अमेरिकन संशोधकाला विजेपासून संगीत निर्माण करण्याच्या यंत्राचं पेटंट 1897 मध्येच मिळालं होतं. त्याचं टेलहार्मोनियम 1906 मध्ये न्यूयॉर्कला बसवलं गेलं. वजन सुमारे 200 टन! इतकं अवजड का, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा अँप्लिफायर नव्हता. क्षीण सूर मागाहून मोठा करण्याची सोयच नसल्यामुळे मुळातच दांडगा विद्युतप्रवाह तयार करावा लागे, आणि त्यासाठी एकामागोमाग एक फिरणारे जनित्रांचे दांडे लागत. वादक पट्ट्या दाबत आणि संगीत टेलिफोनच्या तारांवरून हॉटेलांत, उपाहारगृहांत पोहोचे. त्या जोरदार प्रवाहाचा आवाज शेजारच्या तारांवरच्या लोकांच्या संभाषणात घुसू लागला, खर्चही आवाक्याबाहेर गेला, आणि धंदा काही वर्षांत बसला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावर कुणी म्हणेल की हे फिरत्या चाकांचं यंत्र, याला इलेक्ट्रॉनिक कसं म्हणायचं? आक्षेप रास्त आहे. लॉरेन्स हॅमंड यांचा 1935 मध्ये बाजारात आलेला प्रसिद्ध ऑर्गनही चाकांवरच चालायचा. मग त्याच हॅमंडचं 1939 चं नोव्हाकॉर्ड घ्या. त्यात सूर निर्माण करणारं एकही फिरतं चाक नाही, सगळा कारभार व्हॉल्व्हवर, तेच जे जुन्या रेडिओत तांबूस उजळायचे. नोव्हाकॉर्डमध्ये असे 163 व्हॉल्व्ह होते. सर्वांत वरच्या सप्तकाचे बारा स्वर बारा ऑसिलेटर, म्हणजे विजेची कंपनं निर्माण करणारी सर्किटं, तयार करत आणि त्यांची कंपनसंख्या निम्मी-निम्मी करत खालची सप्तकं मिळत. 72 पट्ट्या होत्या आणि हव्या तितक्या एकदम दाबता येत. सूर झटकन उमटावा की हळूहळू फुलावा, हेही वादक ठरवू शकत असे. हजाराच्या आसपास नग बनले आणि 1942 मध्ये, महायुद्धाच्या काळात, उत्पादन थांबलं. मूग तेव्हा आठ वर्षांचे होते.

दुसरं विधान ‘नागिन’चं, आणि आपल्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचं. ‘मन डोले मेरा तन डोले’मधली बीन क्लेव्हिओलिन नावाच्या वाद्यावर वाजली आहे. हे वाद्य फ्रान्समध्ये कॉन्स्तां मार्तां यांनी 1947 मध्ये बनवलं. तीन सप्तकांचा छोटा कीबोर्ड, व्हॉल्व्हचं सर्किट आणि अँप्लिफायर-स्पीकरची वेगळी पेटी, एवढाच पसारा. एका वेळी एकच सूर निघे. पण तो सूर मुळात कर्कश, भरपूर उपस्वर असलेला असे. खटके फिरवून त्यातले काही उपस्वर गाळायचे, काही ठेवायचे, वर कंप चढवायचा, की कधी व्हायोलिनसारखा तर कधी सनईच्या जातीचा नाकातला आवाज मिळे. बीनला हवा होता तो हाच.

‘नागिन’चे संगीतकार हेमंत कुमार. क्लेव्हिओलिन वाजवलं कल्याणजी वीरजी शहा यांनी, पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजलेल्या जोडीतल्या थोरल्या भावाने. सोबत हार्मोनियमवर होते हेमंत कुमारांचे सहायक रवी, तेही पुढे मोठे संगीतकार झाले. चित्रपटाच्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, पण वादकांची नावं रेकॉर्डवर छापायची रीत तेव्हा नव्हती. म्हणून ऐकणाऱ्याने कान देऊन पुंगी ऐकली आणि पुंगीच मानली. ही तर कल्याणजींच्या हाताला मिळालेली पावती आहे! पुंगीला दोन नळ्या असतात. त्यातली एक सतत एकच सूर धरून ठेवते, दुसरीवर बोटं फिरतात आणि पल्ला साधारण सप्तकभराचा. कीबोर्डवर बसून ते वळण, तो झोका इतका हुबेहूब उतरवला की पुढे गारुडीच आपल्या पुंगीवर ही धून वाजवू लागले. ‘ती खरी पुंगीच होती’ असं म्हणताना आपण मुंबईतल्या एका तरुण वादकाचं काम पुसून टाकतो.

(लंडनला ‘जो मीक’ नावाच्या ध्वनिमुद्रण-निर्मात्याने 1962 मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं ‘टेलस्टार’ हे वाद्यसंगीतही याच जातीच्या कीबोर्डवर वाजलं, आणि ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. तेही 1964 च्या आधीच.)

मग मूग यांनी केलं काय? पुष्कळ केलं, आणि ते नीट सांगितलं तर त्यांचा मान वाढतोच. थेरेमिन, म्हणजे हात न लावता हवेत हात हलवून वाजवायचं विजेवरचं वाद्य, बनवून विकणारे मूग हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर बसले आणि 1964 मध्ये व्होल्टेजने ताब्यात राहणारे, आवाज घडवणारे सुटे भाग घेऊन पुढे आले. एक व्होल्ट वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर जाणार, असा हिशेब. सूर, आवाजाचा पोत, लहान-मोठेपणा ही सगळी एकाच प्रकारच्या व्होल्टेजने हलवता येऊ लागली, आणि एका भागाने दुसऱ्याला चालवता येऊ लागलं. कीबोर्ड हा त्या भागांना हुकूम देण्याचा एक मार्ग होता, इतकंच. व्होल्टेजची ही कल्पना कॅनडात ह्यू ल केन यांनी 1945 ते 1948 दरम्यान आपल्या वाद्यात वापरलीही होती, आणि मूग यांच्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुकला स्वतंत्रपणे तेच करत होते. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर ही गोष्ट नेटकी, विकत घेता येईल अशी करून संगीतकारांच्या हाती देणं, हे मूग यांचं कर्तृत्व.

राहिलं तिसरं विधान, बटण दाबलं की झालं हे. मोरिस मार्तनो हे फ्रेंच चेलोवादक. त्यांनी 1928 मध्ये पॅरिसला सादर केलेल्या ओंद मार्तनो या वाद्यात आधी बोटात अंगठी घालून ती तारेबरोबर सरकवायची सोय होती, कीबोर्ड पुढे आला. त्या कीबोर्डच्या पट्ट्या बाजूला किंचित हलतात, म्हणजे बोट थरथरवलं की सूर थरथरतो. उजवा हात पट्ट्यांवर असताना डावा हात एका छोट्या खणातल्या कळीवर असतो. ती दाबल्याशिवाय आवाजच येत नाही आणि जितकी हळुवार दाबावी तितका सूर हळुवार. पेटीच्या भात्यावरचा डावा हात ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. क्लेव्हिओलिनमध्ये हेच काम गुडघा करायचा: पट्ट्यांखालची दांडी गुडघ्याने ढकलून आवाज लहान-मोठा करायचा.

खुद्द मूग यांच्या कंपनीलाही नुसती पट्टी पुरली नाही. 1970 मध्ये आलेल्या मिनीमूगमध्ये कीबोर्डच्या डाव्या अंगाला दोन चाकं बसवली गेली, त्यातलं एक सूर वर-खाली वाकवण्यासाठी. आज आपल्याकडे ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर सनईचा तुकडा किंवा लावणीतली मींड काढणाऱ्या वादकाचा डावा हात पाहा, तो बहुतेक वेळ त्याच चाकावर असतो.