भजनाला बोलावणार कोण?

इंग्लंडात डॉक्टर आता गोळीऐवजी बागकाम आणि गाणं लिहून देतात, अशी बातमी मध्यंतरी आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. गाव वेंगुर्ले तालुक्यातलं. ग्रुपवर निम्मे मुंबईचे चाकरमानी, बाकी गाववाले, आणि माझ्यासारखे दोन-चार परदेशी पांगलेले. मग काय, सगळ्यांना जोर चढला. "बघा, गोऱ्यांना आता कळतंय." "आपल्याकडे समुद्र फुकट, भजन फुकट, दशावतार फुकट. कोकणी माणसाला कसलं डिप्रेशन?" रत्नागिरीत डॉक्टर असलेली माझी भाची तेवढी तडकली. तिनं लिहिलं, "असलं वाचूनच लोक पेशंटला महिनोन्‌महिने घरी ठेवतात, आणि त्यानं अन्नपाणी सोडलं की मग आमच्याकडे घेऊन येतात. मावशी, तू तिथे राहतेस, तूच सांग काय ते."

तर सांगते. पहिली गोष्ट, 'गोळीऐवजी' हा शब्द बातमी देणाऱ्यानं पदरचा घातला आहे. मी राहते त्या ब्रिस्टलमध्ये फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याशी जोडलेला एक 'लिंक वर्कर' असतो. डॉक्टरला पेशंटमागे दहा-एक मिनिटं मिळतात, हा मात्र निवांत बसून विचारतो: दिवस कसा जातो, घरी कोण असतं, पूर्वी काय आवडायचं. मग कुणाला गाण्याच्या गटाशी गाठ घालून दे, कुणाला सार्वजनिक बागेतल्या वाफ्यांशी, तर कुणाला कर्जाचा सल्ला देणाऱ्यांशी. सरकारी आरोग्यसेवेनं जानेवारी २०१९च्या आराखड्यात हे देशभर न्यायचं ठरवलं. २०२१मध्ये सात भागांत खास निसर्गाच्या आधारानं प्रयोग सुरू झाले, त्यांतला एक आमचा. गोळी चालू असली तर ती चालूच राहते.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त बसड्रायव्हर बायको गेल्यावर घराबाहेर पडेनासे झाले होते. मी जाते त्या गाण्याच्या गटात ते पहिल्यांदा आले ते त्या लिंक वर्करबाईंच्या सोबतीनं. अंगातला कोट काढला नाही, दाराजवळच्या खुर्चीत बसले, ओठ काही हलले नाहीत. बाईंनी त्यांना गाण्याचा आग्रह केला नाही. चहाच्या वेळी कपबशा मांडायला तेवढं हाताशी घेतलं. पुढच्या खेपेला बाई पुन्हा त्यांच्या दारात हजर. गटाचं गाणं म्हणाल तर सुमार आहे. आमच्या गावच्या भजनीबुवांनी ऐकलं असतं तर पेटी मिटून घरी गेले असते. पण आज हे गृहस्थ आपल्या पायांनी येतात आणि उशिरा येणाऱ्यांवर डाफरतात.

आता आपल्या फुकटच्या समुद्राकडे येऊ. निसर्गाचा गुण सांगताना हटकून दिला जाणारा दाखला म्हणजे २०१९चा एक्सेटर विद्यापीठाचा अभ्यास. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीतून असं दिसलं, की जे आठवड्याला निदान दोन तास निसर्गात घालवतात त्यांना आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त जाणवतं. बरी माणसंच जास्त फिरतात, असाही याचा अर्थ निघू शकतो, आणि ती शक्यता संशोधकांनीच नोंदवली आहे. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मोजले ते फिरायला, विरंगुळ्याला गेलेले तास. घरच्या बागेतला वेळसुद्धा धरलेला नाही.

किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्याचे, चिखलात लावणी करणाऱ्या बाईचे तास या हिशेबात कुठे बसतात? ज्याचं पोट समुद्रावर आहे त्याला लाट दिसायच्या आधी डिझेलचा भाव दिसतो. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा आंब्याची कलमं मुळासकट आडवी झाली. ती बागायतदारानं पोरासारखी वाढवलेली. त्याला कुणी "वायच वेळेर जाऊन बस, बरा वाटात" (जरा किनाऱ्यावर जाऊन बस, बरं वाटेल) असं सांगितलं, तर तो काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही. निसर्गानं मनाला उभारी मिळते हे मला मान्य आहे, मी स्वतः ती घेते. पण त्यासाठी हात रिकामे लागतात, आणि कोकणात रिकामे हात बहुतेक वेळा पाहुण्यांचेच.

कलेचं कोकणाला सांगायला नको. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर रात्रभर दशावतार. संहिता छापलेली नसते, आख्यान ठरतं आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात. दिवसा शेतात राबणारा गडी रात्री मुकुट चढवून राजा होतो, आणि सगळा गाव त्याला राजा मानतो. मनाला याहून मोठं टॉनिक कुठल्या दवाखान्यात मिळणार? वर रत्नागिरीकडे नमन आणि जाखडी, सगळीकडे शिमग्याची पालखी, चतुर्थीत घरोघर आरत्या. गौरी-गणपतीत बायका फुगड्या घालताना उखाण्यांतून सासूला जे ऐकवतात ते समुपदेशकासमोर बसून कुणी बोलेल असं वाटत नाही.

मात्र हे सगळं चालतं ते चालत्या-बोलत्या माणसांपुरतं. आमच्या वाडीतला पखवाजी म्हणजे पंचक्रोशीत नाव असलेला माणूस. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, त्याची थाप ऐकायला लोक दुसऱ्या गावातून यायचे. एका पावसाळ्यात त्याचं येणं बंद झालं. आधी निरोप धाडले, मग बाधा झाली असेल म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं, मग मंडळानं दुसरा पखवाजी बघितला. भजनात खंड पडला नाही. हा पडवीत भिंतीकडे तोंड करून पडलेला आणि समोरच्या घरातून गजर ऐकू येतोय, अशी दोन वर्षं गेली. शेवटी भावानं गाडी करून मनोविकारतज्ज्ञाकडे नेला, गोळ्या सुरू झाल्या, माणूस उठून बसला. पखवाज घरात खुंटीला होताच, गोळ्यांआधीही आणि नंतरही. पण "चल, वाजवू नको, नुसता बसायला चल" असं सांगायला कोणी गेलं नाही. 'रत्नागिरीला (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) जाऊन आलेला' हा शिक्का बसला की आपल्याकडे माणूस मानपानातून हळूच वगळला जातो. बायकांची तर आणखी वेगळी कथा. दशावतारात स्त्रीपार्टसुद्धा पुरुषच करत आले, बायकांची मंडळं आता कुठे दिसू लागली आहेत.

कलेचा उपयोग किती, याचा हिशेबही एकतर्फी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यास धुंडाळून कला आरोग्याला हातभार लावते असा अहवाल दिला. इंग्लंडमध्ये बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या १३४ आयांवरच्या प्रयोगात, बाळासोबत गटात गाणाऱ्या आणि ज्यांचा त्रास जास्त होता अशा बाया लवकर सावरू लागल्या. (आपल्याकडे बारशाला पाळणे म्हणतात, पण एकच दिवस, पुढचे सहा महिने ती बाई एकटीच.) उलट, स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवरचा, २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटिश प्रयोग सपशेल फसला. सामूहिक चित्रकला उपचारानं काहीच फरक पडला नाही. एक कारण फार साधं असू शकतं: रुग्ण वर्गाला फारसे फिरकलेच नाहीत.

म्हणून भाचीच्या बाजूनं माझं मत जास्त झुकतं, पण पूर्ण नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत वेगवेगळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले होते. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ उद्या उगवणार नाहीत. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मोफत मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, नंबर २०२२पासून आहे, तो प्रत्येक देवळाच्या फळ्यावर रंगवा. आणि गोळी सुरू झाल्यावर माणसाला परत माणसांत आणायचं काम भजनी मंडळाइतकं चांगलं कोण करील? फक्त ते आपसूक होत नाही. ब्रिस्टलच्या त्या बाई दुसऱ्यांदा दारात उभ्या राहिल्या, कारण तेच त्यांचं नोकरीचं काम होतं.

ग्रुपवर हे लिहिल्यावर लगेच उत्तर आलं: "मग हे काम आशाताईंना सांगूया, त्या घरोघर जातातच." कल्पना वाईट नाही. पण गरोदर बायका, लसीकरण, क्षयरोग आणि सगळी सर्वेक्षणं त्याच सांभाळतात, तेही मानधनावर. इथल्या लिंक वर्करला पगार आहे. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे द्या, आणि मंडळाच्या नव्या साउंड सिस्टिमसाठी आमदार निधी मागायच्या आधी ते मागा.