फेस म्हणजे विष नव्हे

माझ्या मावशीला 15 वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यात चप्पल लागून तिच्या टाचेला जखम झाली, आणि पुढचे आठ दिवस तिने एका व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबून उपचार केले. 'पट्टी बांधू नका, जखम गुदमरते. उघडी ठेवून वाळवा. रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओता, फेस येतो तेवढं विष बाहेर पडतं. वर हळद भरा. मधुमेह असला तरी आठ दिवसांत भरते, डॉक्टर नको.' नात्यातल्या तीन ग्रुपांवर हा मेसेज आला आणि एकानेही हटकलं नाही.

आधी त्या फेसाचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. बुडबुडे त्या ऑक्सिजनचे. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर तेच पेरॉक्साइड ओता, तिथेही फेस येईल. बटाट्यात कुठलं विष?

जखम झाली की कडेच्या त्वचापेशी, म्हणजे केरॅटिनोसाइट, खालच्या थराला धरलेली पकड सैल करतात, चपट्या होतात आणि पातळ पायासारखा भाग पुढे टाकत सरकू लागतात. कधी निघायचं ते त्यांना रासायनिक संदेशांवरून कळतं. प्लेटलेट्स आणि जखमेतल्या इतर पेशी वाढीचे घटक सोडतात, आणि ते ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) त्वचापेशींवर असतात. अशाच एका घटकाच्या, ईजीएफच्या, शोधासाठी स्टॅन्ली कोहेन यांना रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबरोबर 1986 चं नोबेल मिळालं. बाटलीतलं 3 टक्के पेरॉक्साइड जंतूंबरोबर या सरकत्या पेशींनाही मारतं. मावशी हे रोज दोनदा करत होती.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. शरीर स्वतःही जखमेच्या कडेला पेरॉक्साइड तयार करतं. झेब्राफिशच्या कापलेल्या शेपटीत 2009 मध्ये ते दिसलं, आणि पांढऱ्या रक्तपेशी त्याच्याच मागावर जखमेकडे येतात हेही. पण ते प्रमाण अतिसूक्ष्म असतं. बाटलीतलं त्याच्या हजारो पट तीव्र आहे.

आता 'वाळवा'. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये 'नेचर'मध्ये छापलेला प्रयोग यावर पुरेसा आहे. डुकरांच्या पिल्लांच्या उथळ जखमांपैकी काही त्यांनी उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पडदा लावला. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. उघड्या जखमेचा वरचा थर सुकतो आणि पेशींना त्या कोरड्या थराखालून, ओल शोधत, वाट कोरत जावं लागतं. माणसांच्या जखमांतही पुढच्याच वर्षी असंच आढळलं. साधं खरचटलं तर खपलीखालीही जखम भरते, फक्त सावकाश. काही जखमा डॉक्टर मुद्दाम कोरड्या ठेवतात, पण तो निर्णय बघून घेतलेला असतो.

हळदीबद्दल लगेच 1997 चा दाखला दिला जातो: माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने अमेरिकेतलं हळदीचं पेटंट रद्द करून घेतलं. घेतलं, आणि त्याचा मलाही अभिमान आहे. पण जखमेवर हळद लावणं आपल्याकडे जुनंच आहे, नवा शोध नाही, एवढंच त्यात सिद्ध झालं. डब्यातली हळद निर्जंतुक असते असं कोणी म्हटलेलं नाही.

'डॉक्टर नको' हे वाक्य मात्र मला माफ करता येत नाही. मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, नसा बधिर होतात, जखम खोल गेली तरी कळत नाही. शेवटी आम्ही मावशीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी वरची खपली काढली आणि खाली पू होता. मी विचारलं, इतके दिवस सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "अगं, दुखतच नव्हतं. मला वाटलं, भरतेय."