मला माझं पार्सल प्राप्त करायचं आहे

कुकरची रिंग. साधी, काळी, रबराची. गेला आठवडाभर आमच्या कुकरची शिट्टी होत नाहीये, वाफ कडेनं फुसफुसत निघून जाते आणि डाळ दाताखाली कचकचते. शेवटी ऑनलाइन रिंग मागवली. इथे लिस्बनमध्ये घरी कुणी नसलं की पार्सल जवळच्या एखाद्या दुकानात ठेवून जातात. आमचं कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्या बाईंकडे असतं. गेलो. दीड वर्ष पोर्तुगीज शिकतोय, त्यामुळे अंगात थोडी मस्ती होतीच. छाती पुढे काढून म्हणालो, ‘केरू ओब्तेर आ मिन्या एंकोमेंदा.’

बाई दोन सेकंद गप्प. मागच्या रांगेतले आजोबा खोकल्यासारखं काहीतरी हसले.

व्याकरणात चूक नव्हती हो. पण उद्या कुणी गोरा सदाशिव पेठेतल्या दुकानात शिरला आणि ‘मला माझं पार्सल प्राप्त करावयाचे आहे’ म्हणाला, तर आपण जसे एकमेकांकडे बघू, तसं झालं. ओब्तेर म्हणजे पदवी प्राप्त करणं, परवाना प्राप्त करणं. पार्सल इथे ‘लेवांतार’ करतात, म्हणजे उचलतात. एटीएममधून पैसेही उचलतातच. आणि मराठीत आपण बँकेतून पैसे काय करतो? उचलतो! शब्द माझ्याकडे आईच्या दुधापासून होता. मग मी ओब्तेर कुठून आणलं? ॲपमधून. ॲपनं ते कुठून आणलं? इंग्रजीतल्या ‘गेट’मधून.

आता या गेटवर मला मनसोक्त तोंडसुख घ्यायचं आहे, कारण दीड वर्ष हा शब्द माझ्या मानगुटीवर बसलाय.

शाळेत आम्हाला पाठ करून घेतलं होतं, गेट-गॉट-गॉट, गेट म्हणजे मिळणे. झालं, विषय संपला. मोठेपणी कळलं की मिळणे हा त्याचा निव्वळ जोडधंदा आहे. बस गेट करतात, बसमधून गेट ऑफ करतात, सर्दी गेट होते, माणूस म्हातारा गेट होतो, विनोद गेट होतो, सकाळी गेट अप, लग्नसुद्धा गेट मॅरिड. एका पोत्यात कांदे, बटाटे, चपला आणि देव्हारा. बरं, हा शब्द मूळचा इंग्रजांचासुद्धा नाही. ‘गेता’ हा जुन्या नॉर्स भाषेतला, व्हायकिंग लोकांबरोबर तिकडे पोचलेला. लुटारूंचा शब्द, म्हणून दिसेल ते ‘गेट’ करत सुटलाय.

आता ते पोतं पोर्तुगीजमध्ये रिकामं करून बघा. बस ‘अपान्यार’, म्हणजे पकडायची. तिच्यातून ‘देश्सेर’, म्हणजे उतरायचं. पोचणं ‘शेगार’. कळणं ‘पर्सेबेर’. उठणं परत लेवांतारच, पण स्वतःला लावून. एखाद्याशी जमणं वेगळं, नोकरी जुळवणं वेगळं, कसंबसं निभावून नेणं तर फारच वेगळं. त्याला ‘देझेंराश्कार’ असा खास शब्द आहे आणि हे लोक तो अभिमानानं मिरवतात. प्रत्येक कामाला स्वतंत्र क्रियापद. मराठीत काय आहे? तेच! पकडणे, उतरणे, पोचणे, कळणे, उठणे, जमणे, निभावणे. दोन्ही घरांत भांडी व्यवस्थित फळीवर लावलेली आहेत. पण सामान हलवायला मध्ये जो दलाल घातलाय तो आधी सगळं एका पोत्यात कोंबतो आणि मग पलीकडे ओतून म्हणतो, घ्या, आता लावा. आणि वर दलाली म्हणून दरमहा ॲपचं वर्गणीचं बिल.

संध्याकाळच्या क्लासची तर बातच सोडा. ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीच्या परीक्षेसाठी जातो. वर्गात नेपाळी मुलं, दोन बांगलादेशी भाऊ, एक पंजाबी ट्रकड्रायव्हर, एक युक्रेनियन आजी. बाई शिकवतात मनापासून, पण फळ्यावर लिहितात ‘आय गॉट वेट’, आणि विचारतात की हे पोर्तुगीजमध्ये कसं म्हणाल? आता त्या खोलीत प्रत्येकाच्या भाषेत भिजण्याला रीतसर शब्द आहे. नेपाळात पाऊस पडत नाही का? तरी सगळे पेनाची टोपणं चावत ‘गॉट’कडे बघत बसले. मी आत्मविश्वासानं पहिल्या पानावरचा शब्द ठोकला आणि ओलावा प्राप्त करून घेतला. उत्तर होतं ‘फिकेई मोल्यादू’, नाहीतर ‘अपान्येई शूवा’, म्हणजे शब्दशः पाऊस पकडला. पावसात सापडलो, एवढंच ना! पावसानं मला धरलं की मी पावसाला, इतकाच काय तो फरक. चिपळूणच्या माणसाला हे समजवायला इंग्रजी लागावी?

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते कॉफीवर. ‘कॅन आय गेट अ कॉफी’ याचं भाषांतर करायला गेलात की बोंब. इथे म्हणतात ‘केरिया उं काफे’. पुस्तकात यावर चौकट टाकून अर्धं पान खर्ची घातलंय: इथे भूतकाळ का, हा भूतकाळ खरा भूतकाळ नव्हे, ही नम्रता आहे, गोंधळून जाऊ नका वगैरे वगैरे. मी ते अर्धं पान तीनदा वाचलं, खाली रेघा मारल्या. चौथ्यांदा वाचताना ट्यूब पेटली. ‘एक कॉफी हवी होती.’ अहो, जन्मभर तेच म्हणत आलोय! किराणावाल्याला ‘पाव किलो शेंगदाणे हवे होते’ म्हणताना आपण काय इतिहास सांगत असतो का? तसंच ते ‘नाऊं कोंसीगू’. पुस्तक म्हणतं की हे कधी गेट, कधी मॅनेज, कधी कॅन, संदर्भानुसार ठरवा. कसला संदर्भ? ‘जमत नाही.’ दोन शब्द. संपलं.

आणि इंग्रजीचा आधार घेतला की तोंडघशी पडायची सोय आहेच. जानेवारीत नाक गळत होतं म्हणून औषधाच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं विचारलं, ‘एश्ता कोंश्तिपादू?’ कानावर इंग्रजी कॉन्स्टिपेशन पडलं. चार माणसांसमोर मी हातवारे करून सांगितलं की नाही नाही, पोट अगदी साफ आहे, सकाळी व्यवस्थित झालं. ती बिचारी सर्दीबद्दल विचारत होती. इथे कोंश्तिपासांउ म्हणजे सर्दी. पोटाच्या तक्रारीला हे लोक ‘पोटाचा तुरुंगवास’ म्हणतात. ऑफिसातल्या ब्राझिलियन मैत्रिणीला हा किस्सा सांगताना मी म्हणालो की मी सर्दी ‘अपान्यार’ केली, तर ती आणखी हसत सुटली. तिच्याकडे अपान्यार म्हणजे मुख्यतः मार खाणं. खोटं नव्हतंच म्हणा.

हो, माहितीये, आपलं ‘लागणे’ काही कमी नाही. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागतं, दार लागतं, आणि ‘बस लागली’ म्हटल्यावर पिशवी उचलायची की लिंबू शोधायचं ते तोंडाकडे बघून ठरवावं लागतं. पण लागणे आपल्या घरात गप बसून आहे. जगातल्या दोन भाषांना एकमेकींशी बोलायचं असेल तर आधी माझ्याकडे टोल भरा, असं ते म्हणत नाही.

आणि हा टोलनाका कायमचा नव्हता, याचंच जास्त वाईट वाटतं. पगार, चावी, साबण, बादली, पाव, मेस्त्री, लिलाव, घमेलं, हे सगळं पोर्तुगीजमधून आपल्याकडे आलं तेव्हा मध्ये कुठली इंग्रजी होती? ‘पगार’ म्हणजे तर यांचं पैसे देणं; आपण तेवढंच नेमकं उचललं आणि त्याची एक तारखेची वाट बघायची वस्तू केली. ‘ख्रिस्तपुराण’वाला फादर स्टीफन्स घ्या. जन्मानं चक्क इंग्रज! १५७९ मध्ये याच लिस्बनहून जहाजात बसून गोव्यात उतरला, मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या, आणि कोकणीचं व्याकरण लिहिलं ते पोर्तुगीजमध्ये. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं. ज्या एका माणसाला मध्ये इंग्रजी घालायचा जन्मसिद्ध हक्क होता त्यानं घातली नाही. आणि मी, चिपळूणचा, फोनवर इंग्रजी-पोर्तुगीज उघडून बसतो, कारण माझ्या ॲपच्या यादीत मराठी नाहीच.

बायकोचे मामा मडगावला असतात. १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेले. त्यांना फोनवर हे सगळं रडगाणं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कोकणीत एकच शब्द विचारला, ‘कित्याक?’ म्हणजे कशाला? मग म्हणाले, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं फोन कर, मी मराठीतून सांगतो. पहिल्याच दिवशी ‘फिकार’ समजावलं. मला ते गेट, स्टे, बिकम, कीप अशा सहा खान्यांत पाठ होतं. मामा म्हणाले, ‘राहणे धर आणि चालायला लाग. उभा राहिला, माझ्याकडे राहिलं, गरोदर राहिली. अडलास तर विचार.’ स्टेशन कुठे आहे हे विचारतानाही फिकारच, म्हणजे स्टेशन कुठे ‘राहतं’, हे जरा विचित्र वाटलं, पण चालायला लागलो खरा.

तर रिंग. ती निघाली एक बोट लहान. परत पाठवली, दुसरी आली. काल पुन्हा स्टेशनरीवाल्या बाईंकडे गेलो. वाटेत चारदा घोकलं. पुढचा माणूस गेला, मी काउंटरवर हात ठेवला आणि म्हणालो, ‘बोआ तार्द. केरिया लेवांतार उमा एंकोमेंदा.’ उचलायचं होतं, हवं होतं, सगळं जागच्या जागी. कुठे अडखळलो नाही. बाई छान हसल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून, मला मदत व्हावी म्हणून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत म्हणाल्या, ‘डिड यू गेट द कोड?’