बरा होता!

परवा एक पिक्चर बघून आलो. घरात पाऊल टाकतोय तोच आईने विचारलं, "कसा होता रे?" आणि मी बेसावधपणे म्हणालो, "बरा होता."

झालं. एवढंच बोललो मी, दोन शब्द, आणि त्या दोन शब्दांवर आमच्याकडे आठवडाभर खटला चालला.

आता "बरा" म्हणजे काय, तर आमच्या घरात चार माणसं आणि चार शब्दकोश. आईच्या मते ताप उतरल्यावर माणूस बरा होतो तसं काहीतरी, म्हणजे सुरुवातीला रडका असणार पण शेवटी गोड होत असणार. बाबांच्या मते बरा म्हणजे भंगार, पण तिकिटाचे पैसे गेलेत म्हणून कबूल करवत नाही. ताई म्हणाली बरा म्हणजे तू अर्ध्यात झोपलास. दाजींनी तर फोनच काढला आणि समीक्षकांची मतं गोळा करणारी एक वेबसाइट उघडली. ते म्हणाले, "रॉटन टोमॅटोजवर 92 टक्के आहे याला, आणि तू नुसता बरा म्हणतोस?" त्यांचा सूर असा की जणू मी त्यांच्या मुलाला गणितात नापास केलंय.

मग मला ते समजावत बसावं लागलं, की दाजी, ते 92 टक्के म्हणजे शंभरपैकी 92 मार्क नाहीत हो, त्याचा अर्थ शंभरातल्या 92 समीक्षकांचं मत अनुकूल आहे एवढाच, मग ते भारावून जाऊन लिहिलेलं असो की चालतंय म्हणून सोडून दिलेलं असो, टक्के तेवढेच. म्हणजे 92 जणांनी "बरा होता" म्हटलं तरी 92 टक्केच येणार. मी त्र्याण्णवावा. यावर दाजी गप्प झाले खरे, पण पटलं म्हणून नाही, बॅटरी संपली म्हणून.

खरी परीक्षा पुढे होती. आईने विचारलं, "कोण आहे त्यात?" मी नाव सांगितलं. आमच्या आईला नटांची नावं सांगून काही उपयोग नसतो, तिच्याकडे सगळ्यांची नोंद गुन्ह्यांवरून असते. "हा म्हणजे तोच ना, ज्याने त्या पिक्चरमधे सख्ख्या भावाची जमीन लाटली?" अगं आई, तो पिक्चर होता. "असू दे, मला नाही त्याचं तोंड बघवत." मी म्हटलं यात तो डॉक्टर आहे, भला माणूस आहे. त्यावर तिने मान अशी हलवली की भावाची जमीन लाटणाऱ्याकडे मी पेशंट पाठवतोय.

मग "शेवटी वाचतात ना सगळे? तेवढं सांग, म्हणजे मी शांतपणे बघते." आणि त्याच क्षणी पलीकडून ताई, "एक शब्द बोललास तर बघ!" शेवट आधी कळल्याशिवाय एकीला बघता येत नाही, कळला तर दुसरी बघणार नाही, आणि दोघी एकाच सोफ्यावर. हिचकॉक नावाच्या दिग्दर्शकाने 1960 साली 'सायको' या आपल्या थरारपटाच्या वेळी पिक्चर सुरू झाल्यावर कुणालाच थिएटरात सोडायचं नाही असा नियम केला होता, शेवट बाहेर फोडू नका म्हणून लोकांना विनवलंही होतं. केलं असेल बाबा, त्याला आमच्या आईला तोंड द्यायचं नव्हतं.

मी मधला मार्ग काढला. म्हणालो, "एवढंच सांगतो, शेवटी एक ट्विस्ट आहे." ताई भडकली! आता मी पूर्ण वेळ ट्विस्टचीच वाट बघत बसणार, हा स्पॉयलरच झाला. (तिचं बरोबर होतं, पण मोठ्या बहिणीला हे तोंडावर सांगायचं नसतं.) मग घाईघाईत म्हणालो, बरं, नाहीये ट्विस्ट. तर म्हणे हा अजून मोठा स्पॉयलर.

शेवटी रविवारी सगळ्यांनी मिळून घरीच बघायचं ठरलं. मी आधी बघितलेला, म्हणून मला मधे बसवलं. शंभरेक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच कोरा चेहरा कधी सूपच्या वाटीला, कधी शवपेटीतल्या मुलीला जोडून दाखवला, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा दुःख दिसलं म्हणतात. हे मी वाचलं होतं, पण त्या नटाची अवस्था मला रविवारी कळली. टीव्हीकडे कुणी बघतच नव्हतं, सगळे माझ्याकडे. नायिका जिना चढायला लागली आणि आई म्हणाली, "मेली ना ही? तुझ्या तोंडावरून कळलं." आई, माझ्या पायाला मुंग्या आल्यात गं.

बाबा इंटरवलच्या आधीच आडवे झाले होते. चांगली चाळीस मिनिटं झोपले, सेकंदाला 24 फ्रेम्सच्या हिशोबाने 57,600 फ्रेम्स त्यांनी डोळे मिटून पाहिल्या, आणि उठल्याउठल्या म्हणाले, "मधे जरा ढिला पडतो."

पिक्चर संपला आणि दहा मिनिटांत मावशीचा फोन. आईने तिला पहिल्यापासून स्टोरी सांगायला घेतली, अगदी रंगवून, कोण कुठल्या दारातून आलं इथपासून, आणि शेवटी म्हणाली, "आणि अगं खून कुणी केला माहितीये? त्या डॉक्टरने! मी पहिल्यापासून म्हणत होते." डॉक्टरने काही केलेलं नाही. तो बिचारा शेवटच्या सीनमधे नायिकेचा जीव वाचवतो, आत्ताच वाचवला त्याने, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मी आईच्या हातातून फोन घ्यायला पुढे झालो तर ताईने मला मागे ओढलं.

"गप बस. मावशीला अजून बघायचाय, तिला स्पॉयलर देऊ नकोस."